सोलापूर ते मोपा विमानाने: अंतर किती, खरा वेळ किती

सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्यातल्या मोपा विमानतळाला सरळ रेषेत जेमतेम तीनशे किलोमीटर. विजयपूर, बेळगाव, आंबोली घाट असा रस्ता धरला तर चारशेच्या वर, म्हणजे गाडीत दिवस गेलाच. ९ जून २०२५ पासून फ्लाय९१ या विमान कंपनीने ही सेवा सुरू केली. ती वापरून आल्यावर मागून जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

विमान एटीआर ७२, पंख्यांचं. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग. त्या हिशेबाने पाऊण तासही लागू नये, पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं आणि उतरण्याआधी वेग कमी करणं यात बराच वेळ जातो. म्हणून तासाभराहून थोडं जास्तच धरा. मी मात्र घरापासून मुक्कामापर्यंत मोजायला सांगेन. सोलापूरची बाजू फार सोपी आहे: सात रस्त्यावरून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं, आणि टर्मिनल लहान असल्याने आत चालणं जवळजवळ नाहीच. दीड तास आधी पोचलात तर निवांत. वेळ जातो तो मोप्याला उतरल्यावर.

मोपा पेडणे तालुक्यात, गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला. पणजी तिथून पस्तीसेक किलोमीटर, मडगाव त्याच्याही बरंच पुढे. कुणी 'गोवा' म्हणून तिकीट काढतात आणि मनात गोव्याचं दुसरं, जुनं विमानतळ दाबोळी असतं. परतीचं विमान दुसऱ्याच कंपनीचं असेल तर विमानतळाचं नाव दोनदा वाचा. उतरल्यावर कदंबची (गोव्याची सरकारी) बस मिळाली तर ती घ्या, नाहीतर गोवामाईल्सच्या ॲपवरून टॅक्सी. ओला-उबर शोधत बसू नका, गोव्यात ती चालत नाहीत. सावंतवाडी-बांद्याकडे नातेवाईक असलेल्यांना तर हा मार्ग पणजीवाल्यांपेक्षाही सोयीचा. माझ्या मते खरा फायदा त्यांचाच.

आता जागेचं. एटीआरमध्ये मागच्या दारानेच चढतात-उतरतात, त्यामुळे मागच्या रांगा घेतल्या तर लवकर बाहेर पडता येतं, शिवाय पंख्यांचा आवाजही कमी. पंख वरच्या बाजूला असल्याने खाली सगळं दिसतं. सकाळचं विमान असेल तर जाताना उजवी खिडकी मागा, ऊन डावीकडून येतं. निघाल्या-निघाल्या भीमा लागते, मग उसाचे हिरवे पट्टे, कृष्णेची वळणं, आणि एकाएकी सपाटी संपून सह्याद्रीची कडा तुटते. ती पाहायला फोन खाली ठेवा. पावसाळ्यात घाटावर विमान हलतं. पट्टा बांधलेला असू द्या.

शेंगाचटणी नेणार असालच, तर मोठ्या बॅगेत. तिखटाची पूड केबिनमध्ये नेऊ देत नाहीत आणि चटणीवरून तपासणीत वाद घालण्यात अर्थ नाही. कडक भाकरी खुशाल हातात.

वेळापत्रक बदलत राहतं, तेव्हा तिकीट काढण्याआधी वार तपासा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा. पुढची गाडी किंवा लग्नाचा मुहूर्त त्याच दिवशी गाठायचा असेल तर मध्ये किमान चार तास मोकळे ठेवा. गोव्याकडून येणाऱ्यांना सोलापुरात उतरून अक्कलकोट, तुळजापूर दोन्ही तासाभराच्या टप्प्यात आहेत. पंढरपूरला दीड तास धरा, आणि वारीच्या दिवसांत त्याहून बराच जास्त.