मुलाखत नको, काम देऊन बघा

मी पुण्यात ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, मुलामुलींना नोकरी शोधून द्यायचं आणि ती टिकवायला मदत करायचं काम करते. मुलंमुली म्हणायची सवय, पण सगळी पंचवीस-तिशीतली आहेत. कामाला माणसं मिळत नाहीत म्हणणारे मालकच त्यांना मुलाखतीत नाकारतात, याचा मला मनापासून राग येतो. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर जो गप्प राहतो, नजरेला नजर देत नाही, त्याला बिलं तपासता येणार नाहीत हे कशावरून ठरवलं?

म्हणून मी म्हणते, आठवडाभर पगारी काम देऊन बघा. कोथरूडचा एक मुलगा असाच एका ऑफिसात अकाउंट्सला लागला. पुरवठादारांची बिलं एक्सेलमधल्या नोंदींशी ताडून बघायची. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात 27 ने, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. शून्याच्या जागी ‘ओ’ पडलेला असला तरी याच्या नजरेतून सुटत नाही.

अडलं ते भलतीकडेच. तिघं जण तीन कामं सांगायचे आणि तिन्ही अर्जंट. कुठलं आधी घ्यायचं ते कळेना, मग तो दोन-दोन तास नुसता बसून राहायचा. आम्ही ठरवून घेतलं की काम एकाच माणसाने सांगायचं, तेही सकाळी क्रमाने लिहून. डोक्यावरची लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलून घेतली. जेवणाच्या सुट्टीत तो एकटा बसतो, बसू दे. खर्च म्हणाल तर त्या ट्यूबलाइटचा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के आरक्षण, पण त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. खाजगी कंपन्यांनाही समान संधी धोरण करावं लागतं. ते बहुतेकदा फाइलीत असतं, टेबलापर्यंत येत नाही.

सध्या मला काळजी वेगळी आहे. त्या मुलाचे साहेब पुढच्या महिन्यात बदलून चाललेत. माणूस बदलला की सगळी घडी विस्कटते, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. म्हणून त्याला काम कसं द्यायचं ते सगळं दोन पानांत लिहून काढलंय, आणि नव्या साहेबांबरोबर पहिला आठवडा मी स्वतः तिथे बसणार आहे.