रेडिएटरवर वाळत घातलेला कोळसा

फेब्रुवारीत एका ओळखीच्या काकांनी, ते इथल्या खाणीत कामाला आहेत, मला लिग्नाइटचा, म्हणजे तपकिरी कोळशाचा, एक ताजा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणून दिला, कितीतरी महिने मी त्यांच्या मागे लागले होते. आम्ही जर्मनीत राहतो, कोलोनच्या पश्चिमेला, आणि आमच्या मागच्या खिडकीतून निडरआउसेमच्या वीजकेंद्राची वाफ रोज दिसते. तुकडा हातात घेतला तर कोळसा वाटतच नाही, गार, ओलसर, चॉकलेटी, एका बाजूला लाकडाच्या रेषा अजून दिसतात, नखानं खरवडलं की भुगा होतो. किचनच्या काट्यावर ४१२ ग्रॅम भरला. जुन्या पेपरवर ठेवून रेडिएटरवर वाळत घातला आणि तीन आठवड्यांनी परत वजन केलं तर २४० ग्रॅम, भेगा पडून पाच तुकडे झालेले.

जे घटलं ते सगळं पाणी होतं. इथला कोळसा निम्मा पाणी असतो हा आकडा मला पाठ होता, माझं कामच हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्रांचं आहे, पण काट्यावर बघितलं तेव्हा खरंच पोटात कालवलं. इतकं पाणी खणून काढायचं, बेल्टवरून न्यायचं आणि मग बॉयलरमध्ये उकळून हवेत सोडायचं, तेही कित्येक दशकं.

मी मूळची विदर्भातली. आमच्याकडे वीजकेंद्र जवळ, त्यामुळे गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की आई वर जुनी साडी पसरायची, राखेची भुकटी बसायची म्हणून. आपल्या दगडी कोळशात राखच ३५-४० टक्के असते. इथल्या तपकिरी कोळशात राख फार कमी, पण पाणी निम्मं. म्हणजे आपण कोळशाबरोबर माती वाहतो आणि हे लोक पाणी वाहतात.

ओलं सरपण चुलीत घातलं की काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको, आधी धूर, मग सुं सुं आवाज, जाळ धरतच नाही. आजी म्हणून सरपण चुलीच्या कडेला रचून ठेवायची, चुलीच्याच उष्णतेवर वाळायला. लिग्नाइटच्या बॉयलरमध्येही साधारण तेच करतात, फक्त फार खर्चिक पद्धतीनं. भट्टीतला हजार अंशाच्या आसपासचा गरम वायू ओढून चक्कीत आणतात, दळताना कोळसा वाळतो आणि ती वाफ धुराबरोबर निघून जाते. जे काम ११० अंशांच्या आसपास झालं असतं त्यासाठी भट्टीतली सगळ्यात महागडी उष्णता वापरायची! एक किलो कोळशातून ८ ते १० मेगाज्यूल उष्णता मिळते आणि त्यातल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करायलाच सव्वा मेगाज्यूलच्या आसपास लागतात.

ह्यावर इथल्या खाणी आणि वीजकेंद्रं चालवणाऱ्या आरडब्ल्यूई कंपनीनं जो उपाय काढला तो मला मनापासून आवडतो. कोळसा अगदी बारीक दळायचा, त्याच्या थरातून खालून वाफ सोडायची म्हणजे तो उकळल्यासारखा हलत राहतो, आणि थरामधून वाफेच्या नळ्या न्यायच्या ज्या त्याला हळूहळू तापवतात. हवा नाहीच, त्यामुळे पेट घ्यायची भीती कमी, आणि खरी गंमत पुढे आहे, कोळशातून निघालेली वाफ हवेत मिसळलेली नसते म्हणून तिला परत थंड करून तिची उष्णता काढून घेता येते आणि ती बॉयलरच्या पाण्याला देता येते. निडरआउसेमला २००९ च्या सुमारास असं यंत्र बसवलं, तासाला २१० टन ओला कोळसा आत आणि ११० टन कोरडा बाहेर, त्यात पाणी फक्त १२ टक्के. तिथला २००३ चा मोठा ब्लॉक, म्हणजे बॉयलर-टर्बाइनचा संच, आधीच ४३ टक्क्यांवर कार्यक्षमता देतो, म्हणजे कोळशातल्या उष्णतेपैकी तेवढ्या भागाची वीज होते, जुने ब्लॉक ३१ च्या आसपास होते. सगळाच कोळसा असा वाळवून जाळला तर आणखी चार टक्क्यांची भर पडते. आणि एवढं सगळं असून असं मोठं यंत्र इथे एकच झालं. पूर्ण कोरड्या कोळशावर चालणारं नवं केंद्र उभारायचा प्लॅन होता तो २०१९ मध्ये रद्द झाला.

त्याच काळात सगळी चर्चा मात्र कार्बन पकडून जमिनीत पुरायची चालली होती. निडरआउसेमलाच २००९ पासून एक छोटं प्रायोगिक यंत्र धुरातून दिवसाला सात टन कार्बन डायऑक्साइड पकडत होतं. माझ्या हिशेबानं तो मोठा ब्लॉक पूर्ण लोडवर तासाला नऊशे टनांच्या आसपास सोडतो. पूर्वेकडे श्वार्त्स पुंपेला कोळसा शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळायचं ३० मेगावॉटचं यंत्र २००८ ला सुरू झालं, २०१४ ला बंद. ह्युर्टला कोळशाचा गॅस करून वीज बनवायचं ४५० मेगावॉटचं केंद्र होणार होतं, कार्बन पाइपनं उत्तरेला नेऊन पुरायचा, पण तिथल्या लोकांनी साफ नाही म्हटलं आणि ते कागदावरच राहिलं. लोकांना मी दोष देत नाही, आपल्या शेताखाली दुसऱ्याचा धूर कोण पुरू देईल. पण मला राग येतो तो ह्याचा की ह्या मोठ्या स्वप्नाकडे बघत बसण्यात वाळवणाचं साधं, चालणारं काम मागे पडलं.

आणि हेही सांगते, वाळवलेला कोळसा म्हणजे स्वच्छ कोळसा नव्हे. चांगल्यातल्या चांगल्या ब्लॉकलाही विजेच्या एका युनिटमागे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतोच, आणि खाणीचा खड्डा काही लहान होत नाही. खाणीच्या वाटेत आलेलं लुत्सेराट गाव जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी रिकामं केलं तेव्हा आम्ही इथेच होतो, त्या दिवसांत घरात दुसरा विषय नव्हता. ह्या भागात २०३० ला कोळशावरची वीज थांबणार आहे आणि ते मला योग्यच वाटतं.

पण भारतात तसं नाहीये ना. तमिळनाडूत नेवेलीला लिग्नाइटचे ५०० मेगावॉटचे दोन नवे संच २०१९ आणि २०२१ मध्ये सुरू झालेत, तिथल्या कोळशातही निम्म्याच्या आसपास पाणी आहे. ते काही उद्या बंद होणार नाहीत, बरीच वर्षं चालतील. गुजरातेत सुरत जिल्ह्यात नानी नरोलीला कोळसा चुनखडीबरोबर कमी तापमानावर जाळतात, त्यामुळे गंधक राखेतच अडकतं, तीही चांगली गोष्ट, पण पाणी जिथल्या तिथेच. जे केंद्र चालणारच आहे त्यानं ओलं सरपण तरी जाळू नये, एवढंच मला कळकळीनं वाटतं.

शेजारच्या आजींकडे अजून जुनी शेगडी आहे आणि शेडमध्ये युनियन छापाच्या ब्रिकेटची, म्हणजे वाळवलेला कोळसा दाबून केलेल्या विटांची, शेवटची थप्पी, फ्रेशेनचा कारखाना २०२२ च्या शेवटी बंद झाला त्याआधी घेतलेली. रात्री एक ब्रिकेट ओल्या पेपरात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवतात, सकाळपर्यंत धग राहते. पिशवीच्या तळाला राहिलेला एक ओला टवका आणि रेडिएटरवरचा एक कोरडा तुकडा घेऊन मी परवा त्यांच्याकडे गेले. टवका बराच वेळ चरचरत पडला, शेडभर धूर झाला, दार उघडावं लागलं. कोरडा तुकडा मिनिटभरात पेटला. आजी म्हणाल्या, अगं ब्रिकेटवाले आमच्या आजोबांच्या काळापासून हेच तर करत होते, आधी वाळवायचे.