आमची वाटचाल : तबकडीवरचा आवाज जपताना

जुन्या तबकड्या आणि टेपांवरचं संगीत डिजिटल करून देणं हा आमचा व्यवसाय. सुरुवात घरगुती कॅसेटांपासून झाली. पुढे संग्राहक 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या) तबकड्या घेऊन येऊ लागले आणि कामाचं स्वरूपच पालटलं.

लोकांनी ज्या गाण्यावर जीव टाकला, त्याचीच तबकडी सर्वात झिजलेली असते. पोलादी सुई दर वेळी खाच थोडी खरवडायची. न खपलेली गाणी मात्र कोरी करकरीत येतात. तरी लोकप्रिय गाण्याच्या प्रती पुष्कळ निघालेल्या असतात. दोन-तीन झिजक्या तबकड्या जुळवून ते उभं करता येतं. कमी खपलेल्या गाण्याची एकच प्रत उरलेली असली आणि ती हातून पडली, की ते गाणं कायमचं गेलं. लाखेची तबकडी काचेसारखी फुटते.

वेगाच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. सुरुवातीच्या काळात 78 हा आकडा पक्का नव्हता. 72च्या वेगानं मुद्रित झालेली तबकडी 78वर वाजवली, तर आवाज अर्ध्या स्वराहून जास्त चढतो. अशा चढलेल्या, चिरक्या आवाजावरून त्या गायिकेची पारख होणं हा तिच्यावर अन्याय आहे. म्हणून साथीच्या पेटीचा किंवा पियानोचा सूर धरून आम्ही आधी वेग ठरवतो, मग बाकीचं काम.

जपणुकीचं मोल युरोपच्या संगीतातही दिसतं. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या हयातीत लाइपझिग शहराची पहिली पसंती टेलेमान या दुसऱ्या संगीतकाराला होती. बाख 1750मध्ये गेला. त्याचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ 1829मध्ये संगीतकार मेंडेल्सोननं बर्लिनमध्ये पुन्हा सादर केलं, तेव्हा बाखकडे नव्यानं लक्ष गेलं. इटालियन संगीतकार विवाल्डीच्या हस्तलिखितांचा मोठा साठा तर 1920च्या दशकात उजेडात आला. प्रतिभा होतीच, पण कागद कुणीतरी सांभाळले होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणूनच गायक, गीतकार, संगीतकार, वादक, मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीवर कोरलेला मुद्रणाचा ओळख क्रमांक), जे सापडेल ते आम्ही प्रत्येक फाइलसोबत नोंदवून देतो. यात वेळ जातो आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. पण आता अभ्यासक आणि प्रकाशक या नोंदींसाठीच आमच्याकडे येतात. वादकांची नावं सर्वात कमी मिळतात. लेबलवर ती छापलेलीच नसतात. त्यासाठी जुने कॅटलॉग चाळायचं काम सध्या चालू आहे.