उत्तर टांझानिया: महिन्यासोबत उंचीही बघा

विषुववृत्त जवळ म्हणजे उकाडा, या हिशोबाने आपण आफ्रिकेची बॅग भरतो. उत्तर टांझानियात तो हिशोब चालत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. गोरोंगोरो विवराचा कडा साधारण २,३०० मीटर! हजार मीटर चढलं की पारा सहा-साडेसहा अंशांनी उतरतो. त्यात जून ते ऑगस्ट हा तिथला थंडीचा काळ.

आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. कड्यावर पहाटे धुकं एवढं दाट होतं की पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. झाडांवरून पाणी ठिबकत होतं, कानटोपी घालूनही कान गार पडले होते. मग गाडी उतरू लागली. विवराचा तळ सहाशे मीटर खाली. निम्म्या वाटेवर ढग डोक्यावर राहिले आणि खाली वाळकं, पिवळं गवत उन्हात दिसलं. दहा वाजेपर्यंत जॅकेट निघालं, स्वेटर निघाला, आणि धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधला. म्हणून एक जाड कोट नेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर न्या. छत उघडलेल्या गाडीत उभं राहिलं की वारा झोंबतो. वाऱ्याला अडवणारं जॅकेट हवंच.

आपल्याकडच्या मंडळींना मे महिन्याची सुट्टी सोयीची, पण मार्च ते मे तिथला मोठा पाऊस, ‘मासिका’. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेकडची काळी माती भिजली की चाकं रुततात, बरेच तंबूवाले मुक्काम बंद ठेवतात. दर उतरतात, हिरवळही सुंदर असते. तरी लहान मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर मी ते सुचवणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबरचा ‘वुली’ हलका, बहुधा सरींचा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये आली तर त्याआधीच साधून घ्या.

प्राणी पावसामागे फिरतात, हे बुकिंगआधी लक्षात घ्या. फेब्रुवारीत विल्डबीस्टची (गाईसारख्या मोठ्या हरणांची) पिल्लं बघायची तर सेरेंगेटीच्या दक्षिणेला नदूतू. जुलै ते सप्टेंबरमध्ये त्यांचे कळप मारा नदी ओलांडताना बघायचे तर उत्तरेला कोगाटेंडे. दोन्ही एकाच सहलीत मिळत नाहीत. कोरड्या महिन्यांत तारांगिरे राष्ट्रीय उद्यान मात्र चुकवू नका, पाण्यासाठी हत्तींचे कळप नदीपात्रात उतरतात.

किलिमांजारो (५,८९५ मीटर) करणाऱ्यांसाठी जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर. तिथे ऋतूपेक्षा उंची मोठी. पैसे वाचवायला पाच दिवसांची मोहीम घेऊ नका, सात-आठ दिवसांची घ्या. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

शेवटी झांझिबार बेट ठेवलंत तर समुद्रसपाटीवर सुती कपडे लागतील आणि डासही भेटतील. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारताना थंड कड्याचं नाही, मार्गावरच्या सगळ्यात सखल मुक्कामाचं नाव सांगा. केनिया किंवा इथिओपियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या.