वरचा क्रूस, खालची बेरीज

गेल्या आठवड्यात दुपारचे जेवण उरकून मी आडवा होण्याच्या बेतात असताना नात आपली पियानोची फाईल घेऊन खोलीत आली आणि एका छायाप्रतीवर बोट ठेवून तिने विचारले, "आजोबा, ही तीन अक्षरं कसली?" जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याने 1720 साली आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी धड्यांची एक वही सुरू केली होती. तिच्यातल्या, कोणत्या सुरावर कोणते बोट ठेवायचे ते शिकवणाऱ्या लहानशा तुकड्याचे ते पान होते आणि त्याच्या माथ्यावर 'येशूच्या नावाने' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची तीन आद्याक्षरे होती. मी चष्मा लावून ती पाहिली, तिला अर्थ सांगितला, आणि माझी झोप गेली ती गेलीच.

पानाच्या माथ्यावर खूण केल्याशिवाय लिहायला सुरुवात करायची नाही, ही सवय आमच्या वसईच्या घरात इतकी मुरलेली होती की किराणा मालाची यादीसुद्धा तिच्यातून सुटत नसे. शाळेत माझ्या बाकावरचा मित्र 'श्री' लिहीत असे आणि मी बारीकसा क्रूस काढत असे. आपले दोघांचे काम एकच आहे, हे आम्हांला कोणी समजावून सांगावे लागले नाही. शालान्त परीक्षेच्या वेळी मात्र उत्तरपत्रिकेवर देवाचे नाव किंवा ओळखीची कोणतीही खूण करायची नाही, असे वर्गात बजावण्यात आले आणि माझ्या पोटात गोळा आला. शेवटी मी अंगठ्याच्या नखाने, शाईविना, कागद जरासा दाबून क्रूस उमटवला. परीक्षकाला दिसू नये, पण ज्याला दिसायचा त्याला दिसावा, अशी ती सोय होती. निकाल चांगला लागला. तो गुणपत्रिकेचा कागद पुढे कितीतरी नोकऱ्यांच्या अर्जांना जोडला, परंतु त्याच्या तळाशी नखाचाही ओरखडा काढावा असे मला कधी सुचले नाही.

बाख या बाबतीत अधिक शिस्तीचा होता. त्याच्या अनेक हस्तलिखितांच्या आरंभी 'येशू, साहाय्य कर' या अर्थाची आद्याक्षरे आढळतात आणि शेवटचा सूर लिहून झाल्यावर तळाशी 'गौरव केवळ देवाचा' या अर्थाची. वर मागणे आणि खाली पोच, असा हा चोख व्यवहार आहे. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला तो भावल्यावाचून राहत नाही, कारण पावती घेतल्याखेरीज काउंटर न सोडणारी माणसे मी हजारोंनी पाहिली आहेत. पावती लिहून द्यायची पाळी आली की तीच माणसे घाईत असतात.

तरीही हा मनुष्य भोळा नव्हता, हे मला विशेष आवडते. जर्मनीतल्या लाइपझिगला चर्चच्या संगीताचे काम सांभाळत असताना 1730 साली एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली आहे की, येथे हवा चांगली असली की अंत्यविधी कमी होतात आणि त्यांवरची आपली मिळकत बुडते. मागल्या वर्षी त्यापायी शंभराहून अधिक थालरांचे, म्हणजे तिकडच्या चांदीच्या नाण्यांचे, नुकसान झाले. गौरव सारा देवाचा खरा, पण प्रेतयात्रेमागे ठरलेले मानधन आपले. हे वाचून कोणाची श्रद्धा डळमळत असेल तर डळमळो. माझा त्या आद्याक्षरांवरचा विश्वास उलट वाढला. मुलांनी भरलेल्या घराचा हिशेब मांडता मांडता ज्याने ती लिहिली, त्याला त्या अक्षरांची किंमत ठाऊक असली पाहिजे.

मला खटकते ती वेगळी नम्रता. सत्काराच्या शालीची घडीही मोडलेली नसते आणि सत्कारमूर्ती सांगू लागतात की मी कोण, मी तर निमित्तमात्र, सारे प्रभूचे. मग त्या निमित्तमात्राची कारकीर्द पाऊण तास चालते. हे मी अधिकाराने लिहितो आहे, कारण निवृत्तीच्या दिवशी मीही तसेच बोललो होतो. 'देवाच्या कृपेने' हे शब्द उच्चारताना मी किंचित थांबलो, आणि पहिल्या रांगेतल्या वरिष्ठ साहेबांना ते पोचले की नाही, हे हळूच पाहून घेतले. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात दूर उभा राहून छाती बडवणारा तो जकातदार कोणाकडेही पाहत नव्हता.

लूकच्या शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी बरा झाल्यावर आभार मानायला एकटा परत आला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कोठे आहेत, हा येशूचा प्रश्न ऐकला की मला त्या नवांची कणव येते. ती माणसे वाईट नसावीत. याजकाला शरीर दाखवा असे त्यांना सांगितले होते, म्हणून ती गेली. तेथून घर, बायकामुले, इतकी वर्षे हातातून सुटलेला धंदा. मागताना मात्र दहाही जणांनी मोठ्याने आरोळी दिली होती.

नात गेल्यावर मी कपाटातून बाबांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. बाबांची वाडी होती. राजेळी केळी, थोडा भाजीपाला, फुले. माल दादरला जायचा आणि पट्टी आली की अडत, हमाली, गाडीभाडे वजा करून रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर हिशेब मांडला जायचा. मी बाबांची पाने भरल्या डोळ्यांनी नव्हे, तपासनिसाच्या नजरेने चाळली. प्रत्येक पानावर वर क्रूस होता. काही पानांवर तळाशीही होता आणि क्षणभर मला वाटले की आपले बाबा बाखच्या पंगतीतले निघाले. मग आकडे पाहिले. खालचा क्रूस फक्त तोट्याच्या पानांवर होता. गणपतीच्या आठवड्यात, जेव्हा केळीचा आणि फुलांचा भाव चढे, तेव्हा बेरजेखाली शाईच्या दोन जाड रेघा होत्या, इतक्या दाबून मारलेल्या की मागच्या पानावर उठल्या होत्या, आणि बाकी काही नव्हते.

मला हसू आले, आणि बरेही वाटले.

क्रूस काढायचे त्यांचे एक तंत्र होते. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी ते कोरी वही घेऊन पडवीत बसत. मी तांबड्या पेन्सिलीने जमाखर्चाच्या रेघा आखायचो आणि ते पानामागून पान उलटत माथ्यावर क्रूस काढत जायचे. पुढे नफा होणार की तोटा हे माहीत नसताना साऱ्या वहीवर आजच कशाला, असे मी एकदा विचारले होते. "रेघ सरळ मार," असे ते म्हणाले.

शेवटच्या वहीत हिशेब मार्चच्या दुसऱ्या रविवारी थांबला आहे. त्यापुढची सगळी पाने कोरी आहेत, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर क्रूस आहे.