ते ‘हं’

११ एप्रिल, रात्र

झोप येत नाही म्हणून वही काढली. खरं तर काही झालेलं नाही. कुणी टाकून बोललं नाही, कुणाचं काही बिनसलं नाही. आप्पांनी त्यांची जुनी वही उघडली आणि एक ओळ वाचली, एवढंच.

काल ताईंचा, गायिका किशोरी आमोणकरांचा, वाढदिवस. २०१७ नंतर आम्ही १० तारखेलाच जमतो, ३ तारखेला नाही. ताई गेल्या तो दिवसही एप्रिलातलाच, पण रडायला जमायचं नाही हे वन्संनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. यंदा ठरलं होतं, दुसरं काही नको, फक्त ताईंची गिरगावातली ती बैठक. ज्याला जे आठवतं ते सांगायचं आणि मग प्रत्येकाने एकेक पान लिहून द्यायचं. त्या रात्री असलेले आमच्यात आता पाचच जण उरलेत. दिवाणखान्यात फार तर साठ माणसं मावली असतील. पण गेल्या ३६ वर्षांत ‘आम्ही होतो त्या बैठकीला’ म्हणणारे इतके भेटलेत की तेवढे खरंच आले असते तर त्या इमारतीचा लाकडी जिना राहिला नसता.

पाचांच्या पाच बैठका झाल्या. साडी पांढरी होती, मोतिया होती, छे हो, फिकट निळी. मध्ये दिवे गेले आणि ताई अंधारात गात राहिल्या, असं एक जण सांगत होता. दिवे गेलेच नव्हते, हे उरलेल्या चौघांचं म्हणणं. तो बिचारा इतका हिरमुसला की शेवटी वन्सं म्हणाल्या, “गेले असतील एखाद मिनिट.” स्वरमंडल मांडीवर होतं यावर मात्र सगळ्यांचं एकमत. ते काय, प्रत्येक फोटोत असतंच.

मग माझी पाळी. माझी आठवण मी चांगली सांगते, हे मला माहीत आहे. इतक्या वेळा सांगितलीय की कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसलंय. दोन तानपुरे लागतायत, लागतच आहेत, घड्याळाकडे बघायची कुणाची छाती नाही. मग तो पहिला षड्ज. मग भूप रागातलं ‘प्रथम सुर साधे’. आणि द्रुतात ‘सहेला रे’ सुरू झालं तेव्हा माझ्या पुढे बसलेल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आप्पा वहीची पानं उलटत होते. म्हणाले, “वहिनी, भूप नव्हता. शुद्ध कल्याण.” आणि वाचून दाखवलं: ‘डिसेंबर १९८९. गिरगाव. शुद्ध कल्याण, ९.५० ते ११.१०. चहा दोनदा. वडे गार. शेवट अवघा रंग, भैरवी.’

कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर वन्सं कुर्डीचं सांगत होत्या. माईंचं, म्हणजे ताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकरांचं, गाव. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, दर मे महिन्यात पाणी ओसरलं की तेवढ्यापुरतं वर येतं. माणसं चिखलातून जातात, जोत्यांवर उभी राहतात, इथे आमची ओसरी, इथे तुळस, असं पोरांना दाखवतात. गेल्या वर्षी वन्सं गेल्या तेव्हा दोन भाऊ तुळशीच्या जागेवरून वाद घालत होते म्हणे. सगळे हसले. मी आपली बशीतल्या करंजीकडे बघत बसले होते.

मला राग आप्पांचा नाही आला. त्यांची वही आहे, त्यात असेल ते वाचणारच. मला वाईट वाटलं ते माझं. या घरात मी आले तेव्हा सगळ्यांना कान होते आणि मला नुसत्या कुड्या. सासूबाई स्वयंपाक करता करता सून कुठल्या पट्टीत बोलते ते ओळखतील अशा. गाण्यातलं माझं म्हणून एवढं एकच भांडवल होतं. ती बैठक. तो भूप. लग्नाला चार महिने झाले होते, आणि त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, हे मलाही कळतं. कुणी न सांगता कळलं.

आणि तेच चुकीचं कळलं.

म्हणजे चूक तशी लहान नाही आणि मोठीही नाही. भूपात पाचच स्वर. मध्यम आणि निषाद औषधालाही नाहीत. शुद्ध कल्याण चढताना अगदी तसाच चढतो. उतरताना मात्र निषाद आणि तीव्र मध्यम मींडेतून, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरताना, जरासे चाटून जातात. ज्याला कान आहे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. ह्यांना पहिल्या उतरणीतच कळलं असणार.

खरं टोचतंय ते हे. बाकी सगळं मी उगाच लिहीत बसलेय.

बैठक सुटली तेव्हा बारा वाजून गेले होते. चर्नी रोडपर्यंत चालत आलो. थंडी होती, माझ्या डाव्या पायाच्या मुंग्या अजून गेल्या नव्हत्या, लंगडतच चालत होते. पुलावर मी म्हटलं, “काय भूप गायल्या!” आणि हे म्हणाले, “हं.”

बस. तेवढंच. ते ‘हं’ मला ३६ वर्षं ‘खरंच गं’ असं ऐकू येत होतं. कालपासून ते वेगवेगळ्या तऱ्हेने ऐकू येतंय. कधी कंटाळलेलं, कधी सुस्कारा टाकल्यासारखं. कधी त्यात हसू आहे, मला दिसू नये म्हणून रुळांकडे वळवलेलं.

हा माणूस रेडिओवर निवेदिकेच्या आधी राग सांगायचा, तोंडाला दाढीचा साबण तसाच. माझं हिंदी सुधारायचा. वाण्याच्या हिशेबातले चार आणे सुधारायचा. मी ‘पाणी पिऊन आले’ म्हटलं तरी ‘प्यायला गेली होतीस की सहज प्यायलीस’ असं विचारणारा. आणि हे एक नाही सुधारलं? मी चारचौघांत सांगायचे, नातेवाइकांत सांगायचे, ह्यांच्या ऑफिसच्या मंडळींसमोर हात वारे करून सांगायचे. हे शेजारी बसून सुपारी कातरत असायचे.

वर ती ताईंच्या भूपाची कॅसेट. बैठकीनंतरच्या आठवड्यात तेच घेऊन आले. दर रविवारी सकाळी टू-इन-वनवर लागायची. भूप सकाळी का, रात्रीचा राग आहे, असं वन्सं म्हणायच्या तर म्हणायचे, तिला आवडतो. तिला म्हणजे मला. ती इतकी वाजली की एका जागी फीत चुरगळली आणि तिथे ताईंचा आवाज पाण्यातून आल्यासारखा यायचा. आता मला कळतंय, माझी ती सगळी बैठक त्या कॅसेटमधून आलीय. ‘सहेला रे’ मी गिरगावात ऐकलंच नाही. गोरेगावच्या स्वयंपाकघरात ऐकलं, पोळ्या लाटता लाटता. मग पदर डोळ्यांना लावणारी बाई कुठून आली? ती तरी होती का?

आणि पाटी! पाटीचं तर लिहायचं राहिलंच. बदलापूरचं घर झालं तेव्हा वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी हे कागदात गुंडाळून संगमरवरी पाटी घेऊन आले. मला काही विचारलं नव्हतं. त्यावर कोरलेलं, ‘भूप’. मी रडले होते. आता वाटतंय, ही चेष्टा होती की लाड? इतकी वर्षं चेष्टा करायची म्हणजे केवढी चिकाटी लागेल. आणि लाड म्हणावा तर ह्यांच्या लाडाची तऱ्हा

जाऊ दे.

आज सकाळी मुद्दाम दोन्ही लावले. आधी कॅसेटमधला भूप, आता फोनवर सापडतो, चुरगळल्याशिवाय. मग ताईंचाच शुद्ध कल्याण. डोळे मिटून बसले, डावा पाय तसाच दुमडून. गुडघा आता मुंग्या यायच्या आधीच बोलतो. म्हटलं, बघू तरी त्या रात्रीचं यातलं काय आहे.

गंधार आठवला. तो मात्र कॅसेटमधला नव्हे, याची मला खात्री आहे. त्या गंधारावर येऊन थांबल्या होत्या, आणि खोलीतल्या साठ माणसांचा श्वास तिथेच कुठेतरी थांबला होता. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी दुकानाचं शटर खाली ओढलं, त्याचासुद्धा धक्का लागू नये इतका तो स्वर भरलेला. मला एकदम हुशारी आली. दोन्ही रागांत वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधारच की! म्हणजे राग चुकला असेल, पण जे मी ऐकलं ते होतंच. गंधार तो गंधारच.

दहा मिनिटं फार आनंदात गेली. मग आठवलं की ताई जन्मभर नेमकं याच्या उलट सांगत आल्या. या रागातला गंधार त्या रागातला नव्हे. राग बदलला की स्वराचा भाव बदलतो, आणि भाव बदलला की तो स्वर दुसराच. कपाटातून ताईंचं पुस्तक, ‘स्वरार्थरमणी’, काढलं. ह्यांच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत जागोजागी. वाचायचं धैर्य झालं नाही, नुसती पानं उलटली आणि ठेवून दिलं. म्हणजे जिच्या नावाने मी माझी समजूत घालायला निघाले होते, तीच बाई मला परवानगी देईना. हसू आलं. कालपासून पहिल्यांदा.

एकदा हसू आलं की मग थांबत नाही. शुद्ध कल्याणला भूप-कल्याण असंही म्हणतात. म्हणजे पाटी निम्मी बरोबर आहे! पुढे ‘कल्याण’ कोरून घेतलं की झालं. पण ‘भूप, कल्याण’ असं लिहिलं तर कुरिअरवाले चार स्टेशनं आधीच उतरतील. तसेही ते कुठे नीट वाचतात? परवाच तो नवा मुलगा फाटकातून ओरडत होता, “भूत इथेच का?” मी म्हटलं, इथेच. सही कुठे करू?

दुपारी आप्पांचा फोन आला. त्यांनाही झोप लागली नसावी, वय ८२, पण आवाज पोरासारखा चोरटा. म्हणाले, “वहिनी, एक सांगायचं होतं. मला तरी तेव्हा कुठे काय कळत होतं? मी शेजारच्याला विचारून लिहिलं होतं राग कोणता ते.”

मी विचारलं, शेजारी कोण होतं?

“आठवत नाही हो. चष्मेवाला कुणीतरी. फार बोलणारा नव्हता. दोनदा विचारलं तेव्हा एकदा सांगितलं.”

पुरुषांच्या बाजूला तीस जण तरी असतील. त्यातल्या निम्म्यांना चष्मा असणार. गाण्याला येणारे बोलतात कुठे फार? मी आप्पांना काही विचारलं नाही पुढे. उंच होता का, पेटीकडे बघत होता का, विचारता आलं असतं. त्यांनी होच म्हटलं असतं, त्यांचा स्वभाव तसा आहे, आणि मग मला ते खरं वाटायला लागलं असतं, आणि पुढच्या वर्षी मी ते हात वारे करून सांगितलं असतं.

“पान लिहिलंत का?” आप्पांनी विचारलं. “वन्संना उद्या हवंय.”

लिहायला घेतलंय म्हटलं. फोन ठेवल्यावर खरंच घेतलं. पहिल्या ओळीत रागाचं नाव यायला हवं, तिथे दोन बोटं जागा सोडलीय. बाकी, डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या इथपासून सुरुवात केली. शटरचा आवाज लिहिला. वडे गार होते हे आप्पांच्या वहीत आहेच, पण मला मिळालेला गरम होता, तेही लिहिलं. पदरवाल्या बाईंपाशी येऊन अडलेय.