सेकंडहँड पोर्शे केमन घेताना मी काय काय तपासलं

यूकेमध्ये जुन्या पोर्शे केमन, म्हणजे पोर्शेच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कार, आता साध्या नव्या फॅमिली गाडीपेक्षा कमी पैशांत मिळतात आणि लोक फसतात ते तिथेच, कारण गाडीची किंमत उतरली तरी पार्ट्स आणि मजुरी पोर्शेच्याच भावाने लागते. इंजिन बसलं तर बिल जवळजवळ गाडीच्या किमतीएवढं. म्हणून मी आधीच बजेटमधली मोठी रक्कम वेगळी काढून ठेवली, त्याला हात लावायचा नाही, उरलेल्यात बसेल तीच गाडी बघायची.

पहिला प्रश्न कुठल्या वर्षाची. 2008 पर्यंतच्या केमनमध्ये जुनं एम97 इंजिन येतं, त्यातल्या 3.4 लिटरच्या एस, म्हणजे जास्त ताकदीच्या मॉडेलमध्ये सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडायचा त्रास आहे, ज्याला सगळे बोअर स्कोअरिंग म्हणतात. शिवाय आयएमएस बेअरिंग, म्हणजे इंजिनच्या आत फिरणाऱ्या इंटरमीडिएट शाफ्ट नावाच्या दांड्याचं बेअरिंग, ते मोडलं तर इंजिनच जातं. एम97 वर ते आधीच्या इंजिनांपेक्षा मोठं आणि बरंच मजबूत आहे, पण बदलायचं म्हटलं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. 2009 च्या मॉडेलपासून पूर्ण नवीन इंजिन आलं, त्यात ती शाफ्टच नाही, आणि एसला 320 हॉर्सपॉवर. मला रात्री झोप हवी होती म्हणून मी 2009 किंवा त्यापुढचं मॉडेलच घ्यायचं ठरवलं.

पण जाहिरातीत लिहितात ते रजिस्ट्रेशनचं वर्ष. शोरूममध्ये पडून राहिलेली जुन्या इंजिनची गाडी 2009 मध्ये रजिस्टर झालेली असू शकते. त्यामुळे मी विकणाऱ्याकडे सगळ्यात आधी चॅसी नंबर मागायचे. त्यातलं दहावं अक्षर मॉडेल इयर सांगतं, 9 म्हणजे 2009, ए म्हणजे 2010, बी म्हणजे 2011. अकरावं अक्षर यू असेल तर गाडी फिनलंडच्या उसिकाउपुंकीमध्ये बनलेली, बऱ्याच केमन तिथल्याच आहेत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मागचे दिवे एलईडी आहेत का हेही बघायचं, नव्या मॉडेलला असतात.

मग एमओटी, म्हणजे यूकेतल्या गाड्यांच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीची हिस्टरी. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की दरवर्षीचं मायलेज, पास-नापास, आणि टेस्टरने लिहिलेल्या सूचना फुकटात दिसतात, आणि या सूचना वाचायलाच पाहिजेत. एका गाडीला लागोपाठ तीन वर्षं ब्रेक पाइप गंजलाय, टायर काठाला झिजलेत असंच लिहिलेलं होतं. म्हणजे मालकाला दरवर्षी सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. जो समोर लिहून दिलेलं करत नाही तो न दिसणारं इंजिन ऑइल वेळेवर बदलत असेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही. बघायलासुद्धा गेले नाही.

एका डीलरकडे फारच सुंदर पांढरी गाडी होती, मायलेज अगदी कमी. मी फोनवर बजावून सांगितलं होतं की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, इंजिन गार पाहिजे, तरी पोचले तेव्हा मागचं झाकण कोमट. सर्व्हिस बुकात शिक्के होते पण एकही बिल नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, त्यावरून कळलं की टायर दहा वर्षांहून जुने, गाडी नुसती उभी होती. कमी मायलेजची स्पोर्ट्स कार म्हणजे चांगली हा मला मोठा गैरसमज वाटतो, उभ्या गाडीचे सील सुकतात, डिस्क गंजतात, रबर कडक होतं. आभार मानले आणि निघाले.

शेवटी जी घेतली ती एका रिटायर्ड गृहस्थांची, मॅन्युअल केमन एस, 70 हजार मैल झालेली. जाडजूड फाइल, प्रत्येक बिल तारखेप्रमाणे लावलेलं, कुठले स्पार्क प्लग कधी टाकले इथपर्यंत. गार इंजिन माझ्यासमोर चालू केलं, टकटक नाही, निळा धूर नाही. तरी मी त्यांना म्हटलं की काका, राग मानू नका, पण मी पोर्शेवरच काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडून तपासणी करून घेणार. म्हणजे इंग्रजीत त्यांच्या नावानेच बोलले, पण मनात भाव काकांचाच होता. ते लगेच हो म्हणाले, आणि जो विकणारा तपासणीला का-कू करतो त्याची गाडी सोडून द्यायची असं मी मानते.

त्या तपासणीतला ओव्हर-रेव्ह रिपोर्ट, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याची नोंद, मॅन्युअल गाडीला फार महत्त्वाचा. पाचव्यातून चौथा टाकायच्या ऐवजी चुकून दुसरा पडला तर चाकंच इंजिनला फिरवतात, लिमिटर काही करू शकत नाही कारण तो फक्त इंधन तोडतो. असं झालेलं ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमध्ये, वेगाच्या चढत्या सहा रेंजमध्ये नोंदलेलं राहतं, शेवटचं कुठल्या तासाला झालं त्यासकट. पहिल्या दोन रेंजमध्ये आकडे असणं म्हणजे कोणीतरी गाडी मजेत पळवली, ते चालतं. चार ते सहा मात्र कोरे पाहिजेत. या गाडीत तिसऱ्यापासूनच शून्य. आणि त्याच रिपोर्टात इंजिन एकूण किती तास चाललं ते मिळतं, इथे साधारण 2,300 तास होते, 70 हजार मैलांना भागलं तर ताशी 30 मैल. गावातलं आणि मोटरवेचं मिळून हे बरोबर बसतं. भागाकार 12-15 आला असता तर मीटर मागे फिरवलाय का अशी शंका घेतली असती.

मेकॅनिकने पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून मला आत बघायला लावलं. एसीच्या कंडेन्सरसमोर कुजलेल्या पानांचा काळा ओला लगदा चिकटलेला, त्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि गॅस गळतो. दोन्ही कंडेन्सर बदलायला आलेले, मागच्या डिस्कच्या आतल्या बाजूला गंज. कोटेशन काकांपुढे ठेवलं, त्यांनी तेवढी रक्कम सोडली, घासाघीस करावीच लागली नाही.

कागदपत्रांत एक लक्षात ठेवा, व्ही5सी लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर, नाव असणं म्हणजे मालकी नाही, हायर पर्चेसचे हप्ते बाकी असतील तर गाडी फायनान्स कंपनीची असते, म्हणून थोडे पैसे देऊन फायनान्स आणि अपघाताची चेक करून घ्या. डीलरकडून घेतली तर दोष निघाल्यास 30 दिवसांत परत करायचा हक्क आहे, खासगी विक्रीत तो नाही, त्यामुळे तपासणी तिथे जास्तच गरजेची. रोड टॅक्स जुन्या मालकाबरोबर संपतो, गाडी हलवायच्या आधी आपल्या नावाने भरायचा, आणि 23 मार्च 2006 पासून रजिस्टर झालेल्या अशा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाड्यांना तो चांगलाच महाग पडतो. इन्शुरन्सचं कोटेशन मी गाडी बघायला जायच्या आधीच काढायचे.

घेतल्यावर लगेच कंडेन्सर, मागच्या डिस्क आणि ब्रेक फ्लुइड करून घेतलं. क्लच अजून मूळचाच आहे, मेकॅनिक म्हणाला वर्ष-दीड वर्ष जाईल, त्याचे पैसे त्या वेगळ्या काढलेल्या रकमेत शिल्लक आहेत.